हाकेचा माळ

स्टोव्हची पिन आणायला म्हणून कुसुमनं नवऱ्याला आबिड्सच्या बाजारात धाडलं, ती अठ्ठेचाळीस सालच्या वैशाखातली अगदी साधी सकाळ होती. पिन काय, घराजवळ अंबरपेठेतही मिळाली असती. पण आबिड्सची पिन जास्त टिकते असं कुसुमचं ठाम मत, आणि बाळकृष्णाला घराबाहेर पडायला निमित्तच हवं असायचं. तो शाळामास्तर. शाळा नसली की कुठं जातो, कुणाला भेटतो, हे घरात कुणी विचारत नसे. देश स्वतंत्र होऊन वर्ष होत आलं होतं, पण हैदराबादेत अजून निजामाचाच अंमल होता. तिरंग्याची पत्रकं वाटणाऱ्या माणसाला ‘कुठं होतास’ विचारायचं म्हणजे उत्तर ऐकायची तयारी हवी, आणि ती त्या घरात कुणाचीच नव्हती.

तो परत आला तो पिन न घेताच. सदरा घामानं पाठीला चिकटलेला.

“कुसुम, आवर,” तो म्हणाला. “आमच्यातल्या दोघांना सकाळी उचललं. संध्याकाळच्या गाडीनं निघायला पाहिजे.”

घरात माणसं चारच. बाळकृष्ण आणि कुसुम, लग्न होऊन फार दिवस झाले नव्हते. थोरला भाऊ एकनाथराव, महसूल कचेरीत पेशकार. बायको वारलेली, बोलणं कमी आणि राग मुरलेला. आणि दोघा भावांना लहानाचं मोठं केलेली त्यांची आत्या, मालनबाई. धाकटा पळाला म्हटल्यावर थोरल्याला कचेरीत कोण टिकू देणार? निघायचं तर सगळ्यांनीच. एकनाथरावांनी कचेरीत घालायची रुमी टोपी खुंटीवरून काढली, झटकली आणि पुन्हा खुंटीला अडकवली. मग देवघरासमोर उभे राहिले.

“तुझ्या झेंड्यापायी माझी नोकरी गेली, घर गेलं,” ते म्हणाले. “देवासमोर सांगतो. आजपासून तुझं नाव माझ्या तोंडून निघायचं नाही.”

“एकनाथा, निघायच्या वेळी असं बोलू नये रे,” मालनबाई म्हणाल्या. पण बोलून झालं होतं.

कुसुमचा राग काही कमी नव्हता. ‘पत्रकं सोडली’ असं बाळकृष्णानं तिच्या डोक्यावर हात ठेवून सांगितलं होतं, आणि ती भोळी आईकडे जाऊन ते अभिमानानं सांगून आली होती. तिनं शपथ वगैरे घेतली नाही. तिनं अबोला धरला. मुकाट्यानं गाठोडी बांधली, चूल विझवली, आणि किल्ली शेजारच्या खालाजानच्या हातात ठेवली.

“फिकर नक्को कर बेटी,” खालाजान म्हणाली. “तुळशीला पानी मैं डालती.”

अबोला नसता तरी कुसुमनं नवऱ्याला नावानं हाक मारली नसती. त्या काळी कोण मारायचं? लग्नात उखाण्यात एकदा घेतलं तेवढंच. बायकोच्या तोंडी नवऱ्याचं नाव आलं की त्याचं आयुष्य तेवढं कमी होतं, हे मालनबाईंनी तिला घरात पाऊल टाकल्याच्या दिवशीच बजावलं होतं, आणि कुसुमला ते मनापासून पटलं होतं. ती ‘अहो’ म्हणायची. तिच्या ‘अहो’ला तो हातातलं काम टाकून वळायचा, आणि तिला तेवढं पुरत होतं.

आडस्टेशनावर उतरून, मग बैलगाडीनं, ते सरहद्दीजवळच्या आपल्या मूळ गावी पोचले. पलीकडे सोलापूरकडचा मुलूख, तिथं निजामाचा हात पोचत नव्हता. मधे हाकेचा माळ. रस्त्यांवर रात्रभर रझाकारांची गस्त फिरायची, पण माळावर कुणी जात नसे आणि भर दुपारी तर नाहीच. म्हणून दुपारीच निघायचं ठरलं. गाडीवान गावाच्या वेशीशी थांबला आणि बैल वळवून निघून गेला. त्यानं ठरलेलं भाडंही मागितलं नाही.

समोर नुसती पांढरी चुनखडी. झाड नाही, झुडूप नाही, पाखराचा आवाज नाही. मधून एक कोरडी नदी गेलेली, तिच्या पात्रात वाळूचे ढीग. उन्हानं क्षितिज हलत होतं.

“आधी माझं ऐका,” मालनबाई म्हणाल्या. त्यांचं सगळं लहानपण या माळाच्या काठी गेलेलं. “इथं माणूस नजरेआड झालं की हरवतं. शोधून सापडत नाही. त्याच्या माणसानं त्याला हाक मारायची, की येतं. पण नावानं. नुसतं अरे-अगं करायचं नाही.”

“का?” कुसुमनं विचारलं.

“बिननावाच्या हाकेला कोण येईल ते काय सांगावं, बाई. या माळावर थोडी का माणसं हरवलीत? सगळी बसून आहेत, कुणी बोलवील म्हणून.”

बाळकृष्ण हसला. “आत्या, मी शाळेत विज्ञान शिकवायलोय.”

“शिकव बापा. पण माळ उतरेस्तोवर नजरेआड होऊ नको.” मग कुसुमचा चेहरा पाहून त्या म्हणाल्या, “तू कशाला भितेस? तुला नाव घ्यायची पाळी येत नाही. थोरला भाऊ आहे की संगं.”

एकनाथराव दुसरीकडे बघत होते.

ते चालायला लागले. पाण्याची चामडी छागळ एकनाथरावांच्या खांद्यावर. ऊन डोक्यावर आलं तशा मालनबाई मागं पडायला लागल्या, त्यांचे ओठ पांढरे झाले.

“दादा, आत्याला पाणी द्या,” बाळकृष्ण म्हणाला.

“कुसुम, त्याला सांग,” एकनाथराव म्हणाले, “पाणी पुरवून प्यायचं असतं. पत्रकं वाटल्यासारखं वाटायचं नसतं.”

“माझ्याशी बोला ना! तिला काय सांगायलात?” बाळकृष्णानं छागळीचा पट्टा धरला. थोरल्यानं ओढला. दोन मोठी माणसं, एक पेशकार आणि एक मास्तर, त्या निर्जन माळावर पोरांसारखी ओढाताण करत होती. छागळीच्या तोंडाची दोरी सुटली आणि सगळं पाणी चुनखडीवर सांडलं. जमिनीनं ते डोळ्यांदेखत पिऊन टाकलं, ओला डागही राहिला नाही.

मालनबाई तिथंच बसल्या आणि मग आडव्या झाल्या. कुसुमनं त्यांचं डोकं मांडीवर घेतलं. अंग तव्यासारखं तापलेलं, डोळे अर्धे मिटलेले.

तेवढ्यात वास आला. भिजलेल्या मातीचा, भरल्या विहिरीच्या काठी येतो तसा थंड वास. त्या माळावर तो वास येण्याचं काहीच कारण नव्हतं, पण चौघांपैकी तिघांना तो आला.

“पाणी आहे,” बाळकृष्ण म्हणाला. “पात्राच्या पलीकडेच.” त्यानं रिकामी छागळ उचलली. दोन पावलं गेला, थांबला, आणि कुसुमकडे पाहून म्हणाला, “येतो.”

त्यावर ‘या’ म्हणायचं असतं. कुसुमच्या ओठांवर आलंही होतं. पण अबोला आपण मोडायचा नाही, त्यानं आधी चूक कबूल करायची, असं तिनं मनाशी धरलेलं. आणि भर माळावर, मांडीवर मरणाच्या दारातली म्हातारी असताना, ती तेच धरून बसली. तिनं मान वर केली नाही.

तो पात्रात उतरला आणि वावटळ उठली. वारा असा नव्हताच. धूळच आपणहून उभी राहिली, पांढरी, आणि पात्रावर पडद्यासारखी बसली. सूर्य दिसेनासा झाला. दुपारची संध्याकाळ झाली. नाकातोंडात चुना गेला. आणि त्या धुळीतून आवाज आला.

“दादा!”

एकनाथरावांनी मान वळवली.

“दादा, काही दिसत नाही... हाक मारा!”

“भावजी,” कुसुम म्हणाली. “भावजी, हाक मारा ना.”

एकनाथरावांचे ओठ हलले. “मी देवासमोर शब्द दिलाय,” ते म्हणाले. “असेल जवळच. येईल आपला.”

“दादा... मारा ना हाक...” आता आवाज लांबून आला. विज्ञान शिकवणारा माणूस लहान मुलासारखा विनवत होता.

कुसुम उठून उभी राहिली. नाव तिच्या जिभेवर आलं. पहिलं अक्षर तोंडात तयार झालं. आणि तेव्हाच तिला वाटलं, आत्ता घेतलं आणि खरंच त्याचं आयुष्य कमी झालं तर? असलंच थोडं तर? मांडीवरून खाली ठेवलेल्या म्हातारीनंच तर सांगितलं होतं. तिनं ते अक्षर गिळलं.

“अहो!” ती ओरडली. “अहो... इकडे या!”

“ओ!”

ओ लगेच आली. अगदी जवळून आली. आणि तो गेला होता त्या बाजूनं नाही, तिच्या पाठीमागून आली.

ती वळली. बाळकृष्ण चालत येत होता. हातात भरलेली छागळ, बाहेरून पाझरून ओली झालेली. सदऱ्यावर धुळीचा कण नव्हता.

“बोलावलंस ना,” तो म्हणाला. किती हळू म्हणाला. अबोल्याचा त्याच्या चेहऱ्यावर मागमूस नव्हता.

धूळ बसायला लागली. त्यांनी मालनबाईंच्या तोंडात पाणी घातलं, मग आपण प्यायले. असं गोड आणि गार पाणी कुसुम उभ्या जन्मात प्यायली नव्हती. तो मात्र प्यायला नाही. आणि ते तिघं पीत असताना पात्राच्या पार पलीकडून, अगदी बारीक, ऐकू आलं.

“दादा...”

कुसुमनं एकनाथरावांकडे पाहिलं. त्यांनी तोंड पुसलं.

“वारा आहे,” ते म्हणाले. “चला. उशीर होतोय.”

पान हलायला झाड नव्हतं, पण वारा नव्हता हे दोघांनाही कळत होतं. तरी ते निघाले. याचं कुसुमला पुढं जन्मभर नवल वाटलं. म्हातारी वाचली होती, नवरा समोर उभा होता, पलीकडे सुटका होती; माणूस अशा वेळी कान बंद करून घेतं. कुणी चालायला लावलं नव्हतं तिला. ती आपल्या पायांनी चालली.

सरहद्दीपलीकडे निर्वासितांच्या छावणीत पोचल्यावर मालनबाईंनी विचारलं, “माळावर कुणी हाक मारली त्याला?”

“मी,” एकनाथराव म्हणाले.

“नावानं?”

“हो.”

कुसुमनं त्यांच्या उशाशी पाण्याचा तांब्या ठेवला. आत्याबाई समाधानानं डोळे मिटून पडल्या. पावसाळ्यात छावणीतच त्या गेल्या.

सप्टेंबरात हिंदुस्थानची फौज हैदराबादेत शिरली, निजामानं शरणागती पत्करली, आणि हे तिघं अंबरपेठेत परतले. खालाजाननं किल्ली दिली. तुळस हिरवीगार होती. गल्लीत लोक म्हणायचे, कुसुम नशिबाची, गेली तशी नवऱ्यासकट परत आली. आणि नवराही कसा! पूर्वीचा बाळकृष्ण तडतड्या, वाद घालणारा, दिलेला शब्द विसरणारा. हा कधी आवाज चढवायचा नाही. शाळेतून थेट घरी. पत्रक नाही, सभा नाही. कुसुम म्हणेल ते आणायचा, विचारेल तेवढंच बोलायचा. तिला भांडायला जागाच ठेवली नाही त्यानं, आणि भांडण नाही म्हणून ती रात्र रात्र जागी राहायची.

एकदा जेवताना एकनाथराव ताटावरून म्हणाले, “बाळकृष्ण, ताक घे.”

तो भात कालवत राहिला.

“बाळकृष्ण,” एकनाथराव पुन्हा म्हणाले. शपथ मोडताना त्यांचा आवाज कापत होता. त्यानं वर पाहिलं नाही. जणू घरात नसलेल्याच कुणाला हाक मारली जात होती.

मग पलीकडच्या घरातून खालाजान आपल्या नवऱ्याला म्हणाली, “अजी, सुनते हो?” आणि हा हात धुऊन उठला, दाराशी जाऊन उभा राहिला. कुसुमला मग ते रोजच दिसायला लागलं. समोरची तेलुगू बाई ‘एमंडी’ म्हणाली, की हा वळायचा. कोपऱ्यावरची इंदुताई ‘अहो’ म्हणाली, की हा वर्तमानपत्र खाली ठेवायचा. गल्लीतल्या कुठल्याही बाईनं आपल्या माणसाला नाव टाळून बोलावलं, की हा जागचा हलायचा, आणि मग कुणाच्या तरी दाराकडे बघत, ओशाळा होऊन, परत बसायचा.

एकनाथरावांनी सिकंदराबादेत खोली घेतली. पुढच्या वैशाखात ते एकटेच माळावर जाऊन आले. आले तेव्हा त्यांचा घसा पार बसलेला होता.

“ओ येते,” ते कुसुमला म्हणाले. “नावानं हाक मारली की येते. पण तो येत नाही.”

“काय म्हणाले?”

“म्हणाला, दादा, तुमच्या हाकेची वेळ गेली. आता तिला हाक मारू द्या.” म्हातारा झालेला तो ताठ माणूस ओसरीच्या पायरीवर बसला आणि तोंडात उपरणं कोंबून रडला. “एक नाव घ्यायचं होतं गं. त्याला पाळण्यात असल्यापासून मीच तर त्या नावानं हाक मारली होती.”

दुसऱ्या दिवशी हा शाळेत गेल्यावर कुसुम परसात गेली. मूसी नदीकडे तोंड करून तिनं जन्मात पहिल्यांदा नवऱ्याला नावानं हाक मारली. हलकेच. लाज वाटली तिला, इतक्या सगळ्यानंतरही.

फार लांबून ओ आली. इतक्या लांबून की ऐकू आली की आठवली, हे सांगता येऊ नये.

मग ती रोज दुपारी हाक मारायला लागली, आणि ओ रोज थोडी जवळून यायला लागली. तो चालत येत होता. उन्हातान्हातून, तिच्या हाकेचा माग धरून. पहिल्यांदा तिला आनंद झाला, खोटं कशाला सांगा. मग आवाज जवळ आला तसं तिला त्यातलं काहीतरी ऐकू यायला लागलं. घसा कोरडा पडलेल्या माणसाचा आवाज. एक दिवस पाणी न मिळालेल्याचा नव्हे. त्याच्या पुष्कळ, पुष्कळ पुढं गेलेल्याचा.

एका दुपारी तिनं हाक मारली आणि मागं वळली, तर दारात हा उभा. शाळेतून लवकर आलेला. त्याच्या डोळ्यांत राग नव्हता.

“तो आला की मी कुठं जाऊ?” त्यानं विचारलं.

ती त्याला वळसा घालून आत निघाली.

“मला तूच बोलावलंस,” तो म्हणाला. “कुणी बोलावल्याशिवाय मी आलो नाही.”

कुसुमला तेव्हा दिवस गेलेले होते. पोटात याचं मूल, आणि वाटेवर तो. तिनं त्या रात्री खूप विचार केला, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी ती परसात गेली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. माळावर तिनं त्याला भीतीपोटी सोडलं होतं. आता जाणूनबुजून सोडलं, निम्म्या वाटेवर. कधी दुपारी भांडी घासता घासता तिचा हात थांबायचा. तो कुठंतरी उभा असेल, हाक बंद का झाली म्हणून कान लावून. मग ती जोरजोरात भांडी घासायची.

मुलगी झाली. लीला नाव ठेवलं. बापाचा तिच्यावर फार जीव. आणि घरात एक नाव कधीच उच्चारलं जात नाही, याचं कुणाला काही वाटलं नाही. बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीतच. एकनाथराव वारले, तेव्हा घरात ते नाव घेणारं कुणी उरलं नाही. कुसुमला वाटलं, संपलं. तिला सुटल्यासारखं वाटलं आणि त्याची तिला शरम वाटली.

जून महिना होता. लीला पहिलीत गेली, त्याच आठवड्यातली गोष्ट. कुसुम स्वयंपाकघरात तांदूळ निवडत होती. हा बाहेरच्या खोलीत खुर्चीवर वाचत बसलेला. लीला त्याच्यासमोर बंद दाराला पाठ लावून उभी होती, बाईंनी वर्गात शिकवलं तशी, हाताची घडी घालून.

“बाबा, बाईंनी सांगितलंय, नाव विचारलं की पूर्ण सांगायचं,” ती म्हणाली. “आपलं, मग बाबांचं, मग आडनाव. मी वर्गात रोज म्हणते.”

कुसुमच्या हातातलं सूप खाली पडलं. ती उठली, पण पोर खणखणीत आवाजात म्हणूनही गेली होती.

“लीला बाळकृष्ण उमरीकर!”

“ओ,” दाराबाहेरून आवाज आला. दाराला अगदी तोंड लावून म्हटल्यासारखा.

कुसुम उंबऱ्यात खिळून राहिली. खुर्चीतल्यानं वर्तमानपत्राची घडी केली, ते मांडीवर ठेवलं, आणि तिच्याकडे पाहिलं.

लीला आधी बापाकडे आणि मग दाराकडे बघत होती. तिला गंमत वाटत होती.

“आई, बाबांचं नाव मी घेतलं आणि ओ बाहेरनं आली,” ती म्हणाली. “कोण आहे ते बघू?”

“लीला, नको...”

पण ती वळली होती. कडी तिच्या हाताला नुकतीच पुरायला लागली होती.